व्यावसायिक फुटबॉल क्लबमधील कर्मचारी व्यवस्थापन

व्यावसायिक फुटबॉल क्लबमधील कर्मचारी व्यवस्थापन म्हणजे खेळाडू, प्रशिक्षक, वैद्यकीय पथक, स्काउट, विश्लेषक आणि प्रशासकीय सेवक यांची निवड, वेतन, कामाची वाटणी, बढती व सेवासमाप्ती यांविषयीची क्लबची धोरणे आणि कार्यपद्धती होय. फुटबॉल क्लबच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग वेतनावर जातो आणि कामाचा निकाल दर आठवड्याला मैदानावर जाहीरपणे दिसतो. त्यामुळे व्यवस्थापनाचा कामगिरीवर होणारा परिणाम तपासण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ व व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक या क्षेत्राकडे विशेष लक्ष देतात.

क्लबचे गुणतालिकेतील दीर्घकालीन स्थान मुख्यतः त्याच्या वेतनखर्चावर अवलंबून असते, असे या अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र सारखाच खर्च करणाऱ्या क्लबांच्या यशात पुष्कळ तफावत आढळते. या तफावतीमागील कारणांत प्रशिक्षक वर्गातील सातत्य, उत्तराधिकाऱ्याची पूर्वतयारी, दुखापतींचे व्यवस्थापन आणि निर्णयाधिकारांची स्पष्ट वाटणी यांचा समावेश होतो. अपयशी संघाचा प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर बदलणे हा सर्वाधिक वापरला जाणारा उपाय असला, तरी त्याचा लाभ सहसा वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

## स्वरूप

आधुनिक क्लबमधील कर्मचाऱ्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला गट करारबद्ध खेळाडूंचा. दुसरा गट मुख्य प्रशिक्षक आणि त्याच्या साहाय्यकांचा. यात गोलरक्षकांचे प्रशिक्षक, तंदुरुस्ती प्रशिक्षक आणि अलीकडच्या काळात कॉर्नर, फ्री किक अशा स्थिर चेंडूंच्या डावपेचांसाठी नेमलेले प्रशिक्षकही येतात. तिसरा गट डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामना विश्लेषक आणि स्काउट अशा तज्ज्ञांचा. चौथ्या गटात तिकीटविक्री, मैदानाची देखभाल, प्रसिद्धी, लेखा इत्यादी विभागांतील सेवक मोडतात.

या गटांवर कोणाची सत्ता चालावी, याविषयी दोन परंपरा आहेत. जुन्या इंग्लिश पद्धतीत 'मॅनेजर' हा संघनिवड, खेळाडूंची खरेदी-विक्री, साहाय्यकांची नेमणूक आणि युवा संघ या सर्वांचा प्रमुख असे. युरोप खंडातील बहुतेक देशांत मात्र मुख्य प्रशिक्षकाकडे केवळ पहिला संघ सोपवला जातो. खेळाडूंची भरती आणि दीर्घकालीन नियोजन क्रीडा संचालक पाहतो. एकविसाव्या शतकात इंग्लंडमधील बहुतेक मोठ्या क्लबांनीही ही दुसरी पद्धत स्वीकारली आहे.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश क्लबांमध्ये संघाची निवड संचालकांची समिती करीत असे आणि 'सेक्रेटरी' हा प्रामुख्याने कारकुनी कामे पाहणारा अधिकारी होता. ही घडी मोडण्याचे श्रेय मुख्यतः हर्बर्ट चॅपमन यांना दिले जाते. हडर्सफील्ड टाउनला १९२४ व १९२५ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवून दिल्यावर ते आर्सेनल क्लबमध्ये आले आणि संघनिवडीसह सर्व क्रीडाविषयक निर्णय त्यांनी आपल्या हाती घेतले. त्यांच्या काळात आर्सेनलने १९३० मध्ये एफए कप आणि १९३१ व १९३३ मध्ये लीग जिंकली. दुखापतग्रस्त खेळाडूंवर शास्त्रीय उपचार करण्यासाठी चॅपमन यांनी टॉम व्हिटेकर यांना पुढे आणले. जानेवारी १९३४ मध्ये चॅपमन यांचे निधन झाले, तरी संघाने १९३४ व १९३५ मध्येही विजेतेपद राखले. पुढे १९४७ मध्ये व्हिटेकर स्वतः क्लबचे मॅनेजर झाले आणि १९४८ व १९५३ मध्ये संघाला पुन्हा विजेतेपद मिळाले.

खेळाडू आणि क्लब यांच्यातील सेवासंबंधांतही याच शतकात मोठे बदल झाले. इंग्लंडमध्ये १९०१ पासून खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठवली गेली तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. करार संपल्यावरही खेळाडूला अडवून ठेवण्याचा क्लबांचा हक्क जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात १९६३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने अवाजवी ठरवला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमचे खेळाडू जाँ-मार्क बॉसमन यांच्या खटल्यात निकाल दिला. त्यानुसार युरोपीय संघातील खेळाडूला करार संपल्यावर बदली शुल्काविना संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये जाण्याची मोकळीक मिळाली आणि युरोपीय संघाच्या नागरिकांवरील राष्ट्रीयत्वाच्या मर्यादा रद्द झाल्या. खेळाडू सक्तीने रोखून धरता येत नसल्याने वेतन, कराराची मुदत आणि कामाचे वातावरण यांना क्लबच्या धोरणात मध्यवर्ती स्थान मिळाले.

## वेतन आणि कामगिरी

सायमन कूपर व स्टीफन शिमान्स्की यांच्या 'सॉकरनॉमिक्स' (२००९) या ग्रंथाने वेतनाविषयीचे निष्कर्ष सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले. इंग्लिश क्लबांच्या अनेक हंगामांच्या आकडेवारीची सरासरी घेतल्यास क्रमवारीतील सुमारे ९० टक्के तफावत वेतनखर्चाच्या फरकाने स्पष्ट होते, असे त्यांनी दाखवले. याउलट, खेळाडूंच्या खरेदीवर केलेल्या निव्वळ खर्चाचा यशाशी असलेला संबंध बराच क्षीण आढळला. याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की बदली शुल्क हा भविष्याविषयीचा अंदाज असतो आणि तो वारंवार चुकतो. वेतन मात्र खेळाडूच्या सिद्ध गुणवत्तेच्या अधिक जवळ असते.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की हे प्रमाण अनेक वर्षांच्या सरासरीचे आहे. एकेका हंगामात वेतन आणि स्थान यांचे नाते बरेच सैल असते. दुसरी अशी की कार्यकारणसंबंध दोन्ही दिशांनी वाहतो. यशस्वी क्लबला प्रक्षेपण हक्क व बक्षिसांतून अधिक उत्पन्न मिळते आणि त्यामुळे तो अधिक वेतन देऊ शकतो.

लेस्टर सिटीचे २०१५-१६ मधील प्रीमियर लीग विजेतेपद हे वेतनाच्या क्रमवारीला छेद देणारे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण होय. या क्लबचा वेतनखर्च आघाडीच्या क्लबांपेक्षा पुष्कळ कमी होता. २०१५ च्या उन्हाळ्यात मॅनेजर नायजेल पिअर्सन यांना हटवून क्लाउडिओ रानिएरी यांना आणले गेले. मात्र साहाय्यक क्रेग शेक्सपिअर आणि खेळाडू भरतीची धुरा वाहणारे स्टीव्ह वॉल्श यांना क्लबने कायम ठेवले. त्या हंगामात दुखापती कमी झाल्या आणि जवळपास तोच संघ आठवड्यामागून आठवडे मैदानात उतरवता आला. यशानंतर वॉल्श एव्हर्टनला गेले, मध्यरक्षक एन्गोलो कांते चेल्सीत गेला आणि पुढच्या हंगामात संघ बाराव्या स्थानी राहिला.

वेतनखर्च आवाक्यात राहावा यासाठी युएफाने टप्प्याटप्प्याने नियम लागू केले आहेत. युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना खेळाडू व प्रशिक्षकांचे वेतन, बदली शुल्काचा वार्षिक भार आणि दलालांचे शुल्क यांवरील एकत्रित खर्च २०२३-२४ मध्ये उत्पन्नाच्या ९० टक्के, २०२४-२५ मध्ये ८० टक्के आणि २०२५-२६ पासून ७० टक्के या मर्यादेत ठेवावा लागतो. अशा मर्यादांमुळे अधिक पैसे ओतण्याऐवजी आहे त्या मनुष्यबळाचा उत्तम उपयोग करण्याचे महत्त्व वाढले आहे.

## प्रशिक्षक बदलाचे परिणाम

सलग पराभवांनंतर प्रशिक्षकाला बडतर्फ करणे आणि त्यानंतर संघाने काही सामने जिंकणे हा क्रम इतका परिचित आहे की बदलामुळेच सुधारणा झाली, असा सार्वत्रिक समज रूढ झाला आहे. अभ्यासकांनी या समजावर शंका घेतली आहे.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा: फुटबॉलमध्ये गोलांची संख्या कमी असल्याने निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो. एखाद्या संघाची खरी क्षमता न बदलताही त्याला चार-पाच सामने लागोपाठ गमवावे लागू शकतात. प्रशिक्षकाची हकालपट्टी नेमकी अशा तळाच्या टप्प्यावर होते. त्यानंतर निकाल सरासरीकडे परतणे स्वाभाविकच असते. प्रशिक्षक कायम ठेवला असता तरी ते परतले असते. म्हणून बदलाचा खरा परिणाम मोजण्यासाठी, तितकीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदलणाऱ्या संघांशी तुलना करावी लागते.

बास टेर वेल यांनी डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास करून २०११ मध्ये असा निष्कर्ष मांडला की सक्तीने केलेल्या बदलांमुळे कामगिरीत सुधारणा झाल्याचे दिसत नाही. यान व्हान अवर्स आणि मार्टिन व्हान टाउल यांनीही २०१६ मध्ये डच लीगविषयी असाच निष्कर्ष काढला. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदललेल्या संघांत दिसणारी सुधारणा, तो न बदललेल्या तुल्यबळ संघांतही आढळली.

लेस्टर सिटीचाच पुढचा प्रवास या संदर्भात बोलका आहे. विजेतेपदानंतर नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, रानिएरी यांना हटवून शेक्सपिअर यांच्याकडे संघ सोपवण्यात आला. संघाने लीगमधील पुढचे पाचही सामने जिंकले. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेक्सपिअर यांनाही जावे लागले.

चेल्सीचे उदाहरण या निष्कर्षाच्या विरुद्ध दिले जाते. मार्च २०१२ मध्ये आंद्रे व्हिलास-बोआस यांच्या जागी साहाय्यक रॉबर्टो दि मातेओ आले आणि मे महिन्यात क्लबने चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या थॉमस टूखेल यांनीही चार महिन्यांत तेच यश मिळवले. बायर्न म्युनिकमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये साहाय्यक हान्सी फ्लिक यांना बढती मिळाल्यावर संघाने त्या हंगामात लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे पटकावली. या दोन्ही क्लबांचा वेतनखर्च युरोपातील सर्वोच्च क्लबांच्या पंक्तीतील होता आणि तीनपैकी दोन प्रसंगी नवा प्रशिक्षक हा आधीपासूनच क्लबमध्ये काम करणारा होता, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

बदलाची किंमतही मोठी असते. मँचेस्टर युनायटेडने जुलै २०२४ मध्ये एरिक टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना पदमुक्त केले. क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ हेही पाच महिन्यांतच बाहेर पडले. टेन हाग, त्यांचे साहाय्यक आणि ॲशवर्थ यांच्या सेवासमाप्तीपोटी क्लबला सुमारे १ कोटी ४५ लाख पौंड खर्च आला. त्या हंगामात संघ प्रीमियर लीगमध्ये पंधराव्या स्थानी राहिला.

## सातत्य आणि उत्तराधिकार

लिव्हरपूल क्लबची 'बूट रूम' ही सातत्याच्या धोरणाचे अभिजात उदाहरण मानली जाते. डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँक्ली मॅनेजर म्हणून आले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. नव्या मॅनेजरने आपली माणसे आणण्याचा प्रघात असताना शँक्ली यांनी बॉब पेस्ली, जो फेगन व रूबेन बेनेट या विद्यमान प्रशिक्षकांना कायम ठेवले. खेळाडूंचे बूट ठेवण्याच्या लहानशा खोलीत ही मंडळी संघाविषयी चर्चा करीत. सराव, दुखापती आणि त्यांची संभाव्य कारणे यांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या जात. १९७४ मध्ये शँक्ली निवृत्त झाल्यावर पेस्ली, १९८३ मध्ये फेगन आणि १९८५ मध्ये संघातीलच खेळाडू केनी डॅलग्लिश मॅनेजर झाले. १९७३ ते १९९० या काळात क्लबने ११ लीग विजेतेपदे आणि चार युरोपियन कप जिंकले.

ॲलेक्स फर्ग्युसन यांची मँचेस्टर युनायटेडमधील कारकीर्द (१९८६–२०१३) सातत्याची दोन्ही अंगे दाखवते. पहिला चषक मिळण्यास त्यांना साडेतीन वर्षे आणि पहिले लीग विजेतेपद मिळण्यास साडेसहा वर्षे लागली, तरी क्लबने त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्यांनी एकूण १३ प्रीमियर लीग विजेतेपदे मिळवली. मॅनेजर तोच राहिला, तरी आर्ची नॉक्स, ब्रायन किड, स्टीव्ह मॅकलॅरन, कार्लोस केरोझ, माइक फेलन असे साहाय्यक बदलत गेले आणि त्यातून सरावाच्या पद्धती ताज्या राहिल्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक अनिता एल्बर्स यांनी या कार्यपद्धतीचा सविस्तर अभ्यास केला. रोजचा सराव साहाय्यकांवर सोपवून स्वतः निरीक्षण करणे आणि संघ यशस्वी असतानाच त्याची पुनर्बांधणी करणे ही फर्ग्युसन यांची वैशिष्ट्ये त्यांनी नोंदवली.

२०१३ मध्ये फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल हे एकाच उन्हाळ्यात पायउतार झाले. नवे मॅनेजर डेव्हिड मॉयस यांनी फेलन, रेने म्यूलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील यांच्या जागी एव्हर्टनमधील आपले सहकारी आणले. गतविजेता संघ सातव्या स्थानावर घसरला आणि मॉयस यांना हंगाम संपण्यापूर्वीच हटवण्यात आले. संघातील प्रमुख खेळाडूंचे वाढते वय हेही घसरणीचे एक कारण होते. तरीही जुना अनुभव एकाच वेळी क्लबबाहेर जाऊ देणे ही या सत्तांतरातील मोठी त्रुटी मानली जाते. याच्या उलट, लिव्हरपूलचे युर्गेन क्लॉप यांनी जानेवारी २०२४ मध्येच आपल्या जाण्याची घोषणा केली. त्यामुळे क्लबला उत्तराधिकारी शोधण्यास अवधी मिळाला आणि आर्ने स्लॉट यांनी पहिल्याच हंगामात (२०२४-२५) लीग जिंकली.

प्रशिक्षकाचे पद अस्थिर असल्याने अनेक क्लब सातत्याचा भार इतर पदांवर ठेवतात. स्पेनच्या सेव्हिया क्लबमध्ये २००० ते २०१७ या काळात क्रीडा संचालकपद मोंची यांच्याकडे होते. प्रशिक्षक बदलत राहिले आणि दानी आल्वेस, सेर्हिओ रामोस, इव्हान राकिटिच यांसारखे खेळाडू मोठ्या क्लबांना विकले गेले, तरी २००६ ते २०१६ दरम्यान क्लबने युएफा कप किंवा युरोपा लीग ही स्पर्धा पाच वेळा जिंकली. इंग्लंडमधील ब्रेंटफर्ड क्लबने साहाय्यकांना बढती देण्याचे धोरण अवलंबले. ऑक्टोबर २०१८ मध्ये साहाय्यक थॉमस फ्रँक मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२१ मध्ये क्लबने प्रीमियर लीगमध्ये प्रवेश मिळवला. २०२५ मध्ये फ्रँक यांच्या जागी स्थिर चेंडूंचे प्रशिक्षक कीथ अँड्रूज यांची नेमणूक झाली.

## वैद्यकीय पथक आणि दुखापती

वेतन दिलेला खेळाडू दुखापतीमुळे बाहेर बसल्यास तो खर्च संघाच्या उपयोगी पडत नाही. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड यांच्या नेतृत्वाखाली २००१ पासून युएफाच्या सहकार्याने युरोपातील आघाडीच्या क्लबांमधील दुखापतींचा अभ्यास सुरू आहे. ११ हंगामांच्या माहितीवर आधारित निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या हंगामांत दुखापतींचा भार कमी होता, त्या हंगामांत संघांची लीगमधील व युरोपीय स्पर्धांतील कामगिरी उजवी होती, असे त्यांत आढळले.

याच प्रकल्पातील २०१९ च्या एका अभ्यासात ३६ क्लबांमधील मुख्य प्रशिक्षक व वैद्यकीय पथक यांच्या संवादाची पाहणी करण्यात आली. जेथे हा संवाद निकृष्ट होता, तेथे दुखापतींचा भार अधिक आणि सरावास उपलब्ध खेळाडूंचे प्रमाण कमी आढळले. खेळाडू मैदानात परतण्यास योग्य आहे की नाही, याचा अंतिम निर्णय कोणाचा, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो. ऑगस्ट २०१५ मध्ये चेल्सीच्या डॉक्टर इव्हा कार्नेरो पंचांनी बोलावल्यावरून खेळाडूवर उपचार करण्यास मैदानात गेल्या. त्यावरून मॅनेजर जोझे मोरिन्यो यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. कार्नेरो यांनी क्लब सोडला आणि प्रकरण रोजगार न्यायाधिकरणापुढे गेले. जून २०१६ मध्ये तडजोड होऊन क्लबने त्यांची बिनशर्त माफी मागितली. वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या स्वायत्ततेविषयीच्या चर्चेत या घटनेचा वारंवार उल्लेख होतो.

## भारतातील स्थिती

भारतीय क्लब फुटबॉलमध्ये सातत्याचे ठळक उदाहरण गोव्यातील धेंपो क्लबचे आहे. आर्मांदो कुलासो दशकाहून अधिक काळ या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या काळात क्लबने २००४-०५ ते २०११-१२ दरम्यान राष्ट्रीय लीग आणि तिची उत्तराधिकारी असलेली आय-लीग मिळून पाच विजेतेपदे मिळवली. मर्यादित साधनांतून यश मिळवण्याबाबत खालिद जमील यांचे नाव घेतले जाते. मुंबई एफसीचे अनेक हंगाम प्रशिक्षकपद भूषवल्यानंतर त्यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. आधीच्या हंगामात हा संघ गुणतालिकेत शेवटून दुसऱ्या स्थानी होता.

इंडियन सुपर लीगमध्ये (२०१४ पासून) प्रशिक्षकांच्या अल्पमुदतीच्या नेमणुका हा सर्वसाधारण नियम राहिला आहे. मुंबई सिटी एफसीचा अनुभव याला काहीसा अपवाद आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२० मध्ये एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सेर्हिओ लोबेरा मुंबईत आले. अहमद जाहू, मोर्तादा फॉल, ह्यूगो बूमू आणि मंदार राव देसाई हे गोव्याच्या संघातील खेळाडूही त्याच सुमारास मुंबईकडून खेळू लागले. आधीपासून एकत्र काम केलेल्या या गटाने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि अंतिम विजेतेपद दोन्ही मिळवले. लोबेरा यांच्यानंतर आलेले डेस बकिंगहॅम आणि त्यांच्यानंतरचे पेत्र क्रात्की हे दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्न सिटी क्लबमध्ये साहाय्यक होते. बकिंगहॅम यांच्या काळात २०२२-२३ ची शील्ड, तर क्रात्की यांच्या काळात २०२३-२४ चे अंतिम विजेतेपद मुंबईला मिळाले.

कर्मचाऱ्यांच्या सेवासुरक्षेचा प्रश्न भारतात अधिक तीव्र आहे. लीगच्या हक्कविषयक कराराची मुदत संपत आल्याने २०२५-२६ चा हंगाम अनिश्चित झाला. तेव्हा २०२५ मध्ये काही क्लबांनी पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन स्थगित केले. लीगचेच भवितव्य अधांतरी असताना क्लबच्या पातळीवरील दीर्घकालीन नियोजनाला मर्यादा पडतात, हे यातून स्पष्ट झाले.

## अभ्यासाच्या मर्यादा

कर्मचारी व्यवस्थापन आणि कामगिरी यांतील कार्यकारणसंबंध सिद्ध करणे अवघड आहे. प्रशिक्षक दीर्घकाळ राहिल्याने संघ जिंकतो की संघ जिंकत असल्याने प्रशिक्षक टिकतो, हे केवळ कार्यकाळाच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. यशस्वी क्लबांच्या पद्धतींवर भरपूर लिहिले जाते. त्याच पद्धती अवलंबूनही अपयशी ठरलेल्या क्लबांची दखल क्वचित घेतली जाते. बहुतेक अभ्यास पश्चिम युरोपातील पुरुषांच्या लीगवर आधारलेले असल्याने त्यांचे निष्कर्ष महिला फुटबॉलला किंवा आशियातील लीगना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. शिवाय गुणतालिकेतील स्थान हा कामगिरीचा एकमेव निकष नव्हे. क्लबची आर्थिक स्थिरता, युवा खेळाडूंची जडणघडण आणि करारमुक्त झालेल्या तरुण खेळाडूंचे पुनर्वसन यांचाही विचार अलीकडे होऊ लागला आहे.

## हेही पहा

* फुटबॉल
* बॉसमन निकाल
* प्रीमियर लीग
* इंडियन सुपर लीग
* मनुष्यबळ व्यवस्थापन
* क्रीडा वैद्यक